मोठ्याचं : कल्याणच्या परिसरातील एका अन्नाचा इतिहास

हैदराबादहून सोलापूरकडे निघालेला हमरस्ता जहीराबाद मागे टाकून कर्नाटकात शिरतो, हुमनाबाद ओलांडतो, बसवकल्याणला उजव्या हाताला ठेवतो आणि उमरग्याच्या अलीकडे महाराष्ट्रात येतो. या पट्ट्यात माणूस घरात मराठी बोलतो, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि पूर्वेच्या टोकाला तेलुगूही. एवढ्या भाषा हाताशी असूनही एका पदार्थाचे नाव मात्र कोणत्याच भाषेत पुरते उच्चारले जात नाही. दखनीत म्हणतात ‘बडे का’, मराठीत म्हणतात ‘मोठ्याचं’. कशाचे ते नाम गिळलेले असते. रात्री सापाला साप म्हणू नये, ‘लांबडं’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. भाषा जिथे नाम गाळते तिथे इतिहास दडलेला असतो असा माझा अनुभव आहे. म्हणून या गाळलेल्या नामाचा माग काढण्याचे मनात आले.

विषय नाजूक आहे याची जाणीव मला आहे. माझ्या घरात हे अन्न शिजत नाही, कधी शिजले नाही. पण तीस वर्षे मास्तरकी केली, त्यातली बरीच वर्षे एका सहकाऱ्याशेजारच्या खुर्चीत बसून. हा गृहस्थ मधल्या सुट्टीत डबा घेऊन रोज शाळेमागच्या लिंबाखाली जाई. ‘उकाडा फार हो, गुरुजी,’ म्हणे. थंडीतही जाई. ते कारण उकाड्याचे नव्हते हे मला उमगायला सात-आठ वर्षे लागली, आणि उमगल्यावरही मी काही बोललो नाही. आज लिहितो आहे ते थोडे त्या न बोलण्याचेच देणे आहे.

सुरुवात कल्याणपासूनच करू. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी. सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ असा पन्नास वर्षे इथे राज्य करीत होता. त्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि ग्रंथाच्या अखेरीस या नगराचे व राजाचे तोंडभरून कौतुक केले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून कोर्टकचेरी झाली असेल त्यांना हे नाव ऐकून ठाऊक असेल. महाराष्ट्रात नीलकंठाच्या व्यवहारमयूखालाही मान होता, पण वाटणीच्या कायद्याचा पाया मिताक्षरेचाच. कोलब्रुकने १८१० साली दायविभागाचे इंग्रजी भाषांतर केले आणि पुढे दीडशे वर्षे न्यायाधीशांच्या टेबलावर तो ग्रंथ राहिला.

या वाटणीच्या प्रकरणात विज्ञानेश्वरापुढे एक अडचण उभी राहते. जुन्या वचनांप्रमाणे थोरल्या मुलाला अधिक वाटा द्यावयाचा. प्रत्यक्षात लोक सर्व भावांना सारखे देऊ लागले होते. मग शास्त्र खरे की चाल खरी? विज्ञानेश्वर म्हणतो, विषम वाटणी शास्त्रात आहे खरी, पण ती ‘लोकविद्विष्ट’ झाली आहे, लोकांना तिचा तिटकारा आला आहे, म्हणून ती करू नये. आणि याला दाखला म्हणून तो काय देतो? घरी आलेल्या श्रोत्रियासाठी मोठा बैल किंवा मोठा बोकड सिद्ध करावा, हे विधान स्मृतीत आहेच ना, तरी आता तसे कोणी करीत नाही. मित्रावरुणांसाठी वांझ गाय मारावी हेही विधान आहे, तेही कोणी करीत नाही. जशी ती चाल सुटली तशी ही सुटली. म्हणजे थोरल्या-धाकट्या भावांना सारखी जमीन देण्याचा युक्तिवाद गोमांसाच्या दाखल्यावर उभा आहे! शेकडो खटल्यांत हे पान उलटले गेले असेल, पण त्यातल्या या दाखल्याकडे वकिलांनी फारसे लक्ष दिले नसावे.

मला या उताऱ्यातील प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. विज्ञानेश्वर असे म्हणत नाही की आपले पूर्वज हे कधी खातच नव्हते. तो सरळ सांगतो की विधान होते, चाल होती, आता लोकांना नकोशी झाली. आणि त्याला पुरावाही भरपूर होता. शतपथ ब्राह्मणात गाय-बैलाचे मांस खाऊ नये असा उपदेश येतो आणि लगेच याज्ञवल्क्याचे मत येते की कोवळे असेल तर मी खातो. पाणिनीने पाहुण्यासाठी ‘गोघ्न’ हा शब्द सिद्ध करून दाखविला आहे. आपल्या विदर्भातल्या पद्मपुरच्या भवभूतीने आठव्या शतकात ‘उत्तररामचरित’ लिहिले. त्याच्या चौथ्या अंकाच्या आरंभी वाल्मीकींच्या आश्रमातले दोन शिष्य याच गोष्टीवर बोलत बसतात. वसिष्ठांसाठी कालवड मारली गेली, आणि जनक आले तेव्हा मात्र कालवड सोडून दिली, कारण त्यांनी मांस वर्ज्य केले होते. दोन्ही पाहुणे पूज्य, दोघांचे आतिथ्य आपापल्या रीतीने. भवभूतीला त्यात लपविण्यासारखे काही वाटले नाही.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी भांडारकर संस्थेतून प्रसिद्ध झालेल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त ही सारी वचने मांडून ठेवली, आणि त्यांच्या मराठी ‘धर्मशास्त्रविचार’ या पुस्तकात तर असे म्हटले की वेदकाळी गाय पवित्र नव्हती असे नव्हे, पवित्र होती म्हणूनच तिचे मांस खाण्याचे विधान झाले. काणे १९६३ साली भारतरत्न झाले. या विधानासाठी कोणी त्यांच्या दारात गोंधळ घातल्याचे माझ्या वाचनात नाही.

विज्ञानेश्वरानंतर थोड्याच वर्षांनी, शके १०५१ म्हणजे ११२९ साली, याच कल्याणात तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मराठी गीते आहेत म्हणून आपण त्याचे नाव घेतो; बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादून तीन खंडांत आणला. त्यातले अन्नभोगाचे प्रकरण मात्र मराठी घरांत फार कमी वाचले गेले. राजाच्या ताटात डुकराचे मांस आहे, हरिण आहे, मासे, कासव, खेकडे आहेत, भाजलेले उंदीरसुद्धा आहेत. सळईला लावून निखाऱ्यावर भाजलेले तुकडे आहेत. मेंढ्याची आतडी मसाला भरून भाजलेली आहेत, रक्त घालून शिजविलेला पदार्थ आहे. गोमांस मात्र नाही. म्हणजे विज्ञानेश्वर सांगतो ते राजाच्या मुदपाकखान्यातही खरे होते. पण दुसरे एक लक्षात घ्यावे. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत रक्ताची ‘रक्ती’ करतात, वजडी धुऊन साफ करून शिजवितात. त्या ऐकून जे नाक मुरडतात त्यांना ठाऊक नसते की कसब तेच आहे. सोमेश्वराने केले ते पाकशास्त्र झाले आणि वेशीबाहेर शिजले ते विटाळ.

आता खरा प्रश्न. विज्ञानेश्वराच्या ‘लोकविद्विष्ट’ शब्दातले लोक कोण? कल्याणच्या वेशीबाहेरही माणसे राहात होती. गावातले मेलेले जनावर ओढून नेणे, सोलणे, कातडे देणे हे त्यांच्याकडे होते, आणि उरलेले मांस हे त्यांचे अन्न होते. त्यांना ते द्वेष्य नव्हते. किंवा द्वेष्य वाटण्याची चैन त्यांना परवडत नव्हती. कल्याणच्या शरणांत हरळय्या नावाचा चांभार होता. त्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागला म्हणून बिज्जलाने दोन्ही बापांना देहान्त दिला आणि कल्याण पेटले, ही बाराव्या शतकातील कथा या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. शरणांनी मांस सोडले आणि जातही सोडू पाहिली. मांस सुटले. जातीचे काय झाले ते आपण पाहतोच.

पुढे बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली. बिदरच्या बादशहाने अमृतनाक नावाच्या महार सेवकाच्या इमानावर खूष होऊन महारांना बावन्न हक्क दिले अशी परंपरा सांगते. दामाजीपंत आणि विठू महाराची कथाही याच बिदरच्या दरबाराशी जोडलेली. सनदेची ऐतिहासिकता तज्ज्ञांनी तपासावी. पण बावन्न हक्कांच्या ज्या याद्या सांगितल्या जातात त्यांत मेल्या जनावरावरचा हक्कही येतो. ज्याला आपण आज अपमान म्हणतो तो कागदावर ‘हक्क’ होता, हे या व्यवस्थेचे कौशल्य म्हणावे लागेल. दुष्काळ आला की जनावरे आधी मरत, आणि वेशीबाहेरच्या वस्तीत काही दिवस चूल पेटे. म्हणून तर मांस टिकविण्याची कला तिथे वाढली. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, दोरीवर उन्हात टाकायच्या, खडखडीत वाळल्या की मडक्यात भरायच्या. या चान्या. पावसाळ्यात, हाताला काम नसे तेव्हा, निखाऱ्यावर भाजून भाकरीशी खायच्या किंवा डाळीत, वांग्यात टाकायच्या. तेल बेताचे, म्हणून शेंगदाण्याचा कूट आणि येसूर घालून रस्सा दाट करायचा. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून हे सगळे पदार्थ प्रथमच नीट नोंदविले. पुस्तकाचे नावच पुष्कळ काही सांगून जाते. आपल्या भिंतीवर ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ लिहिलेले असते आणि पानात मात्र कोणाचे अन्न नाही याची आठवण ते करून देते.

इथे एक भेद नीट धरला पाहिजे, कारण भल्याभल्यांची गल्लत होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे सोडा म्हणून सांगितले ते मृत जनावराचे मांस. मेलेले ओढू नका, मेलेले खाऊ नका, उष्टे घेऊ नका. फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली, तिथेही वतनाच्या या जोखडाचाच प्रश्न होता. ज्या गावांनी ढोरे ओढण्याचे काम सोडले त्यांच्यावर बहिष्कार पडले, पीठ-मीठ बंद झाले. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढच्या आत्मकथनांत त्या दिवसांच्या खुणा आहेत. एका वेळच्या जेवणावर पाणी सोडून माणसाने मान मिळविला, याहून मोठी गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासात मला तरी थोड्याच दिसतात. पण १९४८ साली आलेल्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या शोधग्रंथात बाबासाहेबांनी प्रश्न उलट्या बाजूने मांडला. लोक अस्पृश्य होते म्हणून गोमांस खात राहिले असे नव्हे. इतरांनी ते सोडले आणि यांनी सोडले नाही, सोडू शकले नाहीत, म्हणून ते अस्पृश्य ठरले. त्या युक्तिवादात त्यांनी काण्यांच्या मराठी पुस्तकाचा आधार घेतला आहे. सिद्धान्त सर्वांनी मान्य केला असे नाही, आणि पुराव्याच्या काही जागा मलाही विरळ वाटतात. पण विज्ञानेश्वराचे पान वाचल्यावर एवढे तर पटते की ‘लोक’ या शब्दाची सीमा जेवणाच्या पानावर आखली गेली.

मेलेले सोडल्यावर अनेक घरांनी मांसच सोडले. अनेकांनी कापलेले, बाजारातले, मोठ्याचे घेणे चालू ठेवले, कारण बोकडाचे परवडत नव्हते. दोन्ही निर्णय मानाचेच होते. आमचा लिंबाखालचा सहकारी दुसऱ्या वाटेने गेलेल्या घरातला.

बाजाराकडे वळल्यावर कल्याणचे तिसरे रूप दिसते. निजामाच्या राज्यात कल्याणी ही मुसलमान नवाबांची जहागीर होती. त्यांची हैदराबादेत देवडी होती, आणि कल्याणहून, बिदरहून कामाला आलेल्या रयतेला तिथे जेवण मिळे, अशी आठवण सांगतात. त्या देवडीतली बिर्याणी म्हणजे ‘कल्याणी’. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली, जहागिऱ्या गेल्या, आणि देवडीतल्या स्वयंपाक्यांनी गल्लीत दुकाने मांडली, असे तिथले जाणकार सांगतात. हैदराबादच्या कच्च्या गोश्ताच्या बिर्याणीहून ही निराळी. मांस म्हशीचे, बोटाच्या पेराएवढे लहान तुकडे, आले-लसूण, जिरे, धने आणि टोमॅटो. केशराचा तोरा नाही. तिला गरिबाची बिर्याणी म्हणतात. नवाबी घराण्याचा अभिमान सांगणाऱ्यांना मी एकदा विचारले होते की टोमॅटो तर अमेरिकेतला, आपल्या दख्खनी स्वयंपाकघरात तो रुळला फार उशिरा, मग जुन्या देवडीत काय घालीत? उत्तर मिळाले, ‘साहब, खाओ, पूछो मत.’ चिंच घालीत असावेत असा माझा तर्क आहे, तर्कच.

तुकडे लहान का, याचे कारण पाकशास्त्रात आहे. हे मांस बहुधा शेतातून निवृत्त झालेल्या जनावराचे. कष्टाने त्याचा दोरा जाड झालेला. मोठा तुकडा शिजायला अर्धा दिवस आणि ओझेभर जळण लागे. म्हणून लहान कापायचे, कच्च्या पपईचा कीस चोळायचा, मंद आचेवर झाकून ठेवायचे. स्नायूंतला चिवट भाग दोन-तीन तासांनी विरघळून रश्श्याला चिकटपणा येतो; नल्लीच्या निहारीची गोडी तीच. कुकर घरोघर आल्यावर जळणाची ही पंचाईत संपली, पण जुन्या बायका म्हणतात की मडक्यातली चव गेली ती गेलीच.

पोषणाचे म्हणाल तर या अन्नाला कमी लेखण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम बिनचरबीच्या मांसात वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्यातले लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा शरीराला सहज मिळते. ब-१२ हे जीवनसत्त्व तर प्राणिज अन्नातूनच येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या, हा आकडा समोर ठेवला की स्वस्त लोहाची किंमत कळते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली लाल मांस ‘बहुधा कर्ककारक’ गटात घातले. रोज शंभर ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सतरा टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा हिशेब. खारविलेले, डबाबंद मांस त्याहून वाईट. आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम शिजलेले मांस ही मर्यादा तज्ज्ञ सुचवितात, आणि डाळ-भाकरीबरोबर आठवड्यातून दोनदा खाणारी आपली जुनी घरे त्या मर्यादेत आपोआप बसत. रोज पाकिटातले खाणाऱ्या नव्या पिढीचे मला सांगता येत नाही.

या सगळ्यावर आता कायद्याच्या रेषा पडल्या आहेत. आमचा भाग देवणी आणि लाल कंधारी जनावरांचा. देवणी बैल बारा-तेरा वर्षांपर्यंत औताला चालतो. म्हैसूर राज्याच्या १९६४ च्या कायद्यात गायीला संरक्षण होते, पण बारा वर्षांवरील बैल किंवा रेडा दाखला घेऊन कापता येत असे. कायदा करणाऱ्याला शेतीचे गणित माहीत असावे. २०२१ पासून कर्नाटकात फक्त तेरा वर्षांवरील म्हैस-रेडा उरला. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय वर्ज्य होती, २०१५ साली बैलही वर्ज्य झाला. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये, परराज्यात कापलेल्याचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. तेलंगणाकडे १९७७ चा आंध्रचा कायदा, त्यात निकामी बैलाला दाखला मिळू शकतो. हमरस्त्याने जहीराबादहून उमरग्याला जायचे तर अर्ध्या दिवसात तीन कायद्यांतून जावे लागते, आणि डबा मात्र एकच असतो.

शेतकऱ्याचे काय झाले, हेही पाहावे. म्हातारा बैल विकून त्या पैशात भर घालून नवा खोंड आणायचा, हे आमच्याकडचे चक्र होते. गिऱ्हाईक गेले, चक्र मोडले, आणि ज्याला जमले त्याने ट्रॅक्टर केला. २०१९ च्या पशुगणनेत देशी गोवंश २०१२ पेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटलेला दिसला. त्याची कारणे अनेक आहेत, संकरित गायी आहेत, वैरण आहे, यंत्रे आहेत; एकट्या कायद्यावर ते ढकलणे बरोबर नाही. पण पोळ्याला गल्लीत वीस जोड्या निघत तिथे गेल्या वर्षी चार निघाल्या, आणि दोन घरांनी मातीचे बैल पूजले.

मागच्या उन्हाळ्यात त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो. तो आता नाही. त्याच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, चहा दिला. मी सरळच विचारले, चान्या कशा करतात? त्या आधी माझ्याकडे पाहात राहिल्या, मग हसल्या. म्हणाल्या, ‘गुरुजी, आता वाळवायला गच्ची कुठं हाय? शेजारी काय म्हनतील?’ नंतर आत जाऊन त्यांनी येसुराचा डबा आणला आणि त्यात काय काय पडते ते सांगू लागल्या. ज्वारी भाजून, गहू भाजून, हरभऱ्याची डाळ, धने, दगडफूल, खोबरे जरा करपेपर्यंत. प्रमाण विचारले तर ओंजळ दाखविली. मी लिहून घेतले. सुनेला हे येत नाही, म्हणाल्या, तिला पुण्याला पाकिटातला मसाला मिळतो. निघताना एका पुडीत थोडा येसूर बांधून दिला. आमच्या घरी तो वांग्याच्या रश्श्यात पडला.